मागितली सोनेरी, आली तपकिरी

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कोजागिरीला बिअरवर भाषण! कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आपल्यातली बरीच तरुण मंडळी हल्ली घरी बिअर करतात. कुणी आयंडहोवनच्या फ्लॅटमध्ये, कुणी आमस्टेलवेनच्या गॅरेजमध्ये. मी आयुष्यभर अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम केलेली बाई, म्हणून यांचे फोन मला येतात. "काकू, वास चांगला आहे, पण रंग काहीतरी भलताच आलाय. फेकून देऊ का?" वर्षाकाठी चार-पाच तरी असे फोन. तेव्हा आजचा विषय एवढाच, की घरच्या बिअरचा रंग ठरवल्यापेक्षा वेगळा का येतो, आणि आला तर घाबरायचं कधी. जे पीत नाहीत त्यांनी कृपया उठून जाऊ नये. मीसुद्धा वर्षाला दोन ग्लासांच्या पुढे जात नाही. शिवाय आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं आत पातेल्यात आटत असलेल्या दुधालाही लागू आहे.

बिअर म्हणजे काय ते आधी थोडक्यात. आपण नाचणीला मोड आणतो, वाळवतो, दळतो आणि बाळाला खीर करून घालतो. बार्लीचं तसंच केलं की त्याला मॉल्ट म्हणतात. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातल्या स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालायचं. ज्यांना एवढा खटाटोप नको असतो ते मॉल्टचा तयार पाक डब्यातून आणतात. दिसायला अगदी काकवी. तो पाण्यात विरघळवला की निम्मं काम वाचतं.

रंगाचा जवळजवळ सगळा कारभार या मॉल्टकडे असतो. मोड आलेली बार्ली हलक्या आचेवर वाळवली की ती फिकट राहते, जास्त भाजली की तांबूस आणि पार भाजली की कॉफीसारखी काळी. थालीपिठाची भाजणी भाजताना डाळ कधी काढायची याचा ज्यांना अंदाज आहे त्यांना हे वेगळं शिकवायला नको. यामागची रासायनिक क्रिया लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापली की त्यांच्यातून तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची संयुगं तयार होतात. पावाची कड, परतलेला कांदा, खवा, बासुंदीला येणारा तो बदामी रंग, ही सगळी मायारचीच कृपा. मात्र एक लक्षात ठेवा. ही क्रिया उष्णतेने जोरात चालते, पण गार झाल्यावर अगदी थांबते असं नाही. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

आता रंग मोजायचा कसा? "सोनेरी", "चहासारखा" यावर कुणाचं एकमत होत नाही. इंग्लंडमधल्या जोसेफ विल्यम्स लोविबाँड या बिअरवाल्याने १८८५ च्या सुमारास यासाठी रंगीत काचांचं एक उपकरण काढलं. सॅल्सबरीच्या कॅथीड्रलच्या रंगीत खिडक्या पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. आज युरोपात ईबीसी हे एकक चालतं. हे युरोपियन ब्रुअरी कन्व्हेन्शनचं नाव, आणि त्या संस्थेची पहिली परिषद १९४७ साली इथे आपल्या स्खेवेनिंगेनला भरली होती. पद्धत सोपी आहे. बिअर गाळून एक सेंटिमीटर रुंदीच्या काचेच्या डबीत घालायची, ४३० नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश तिच्यातून सोडायचा, किती शोषला जातो ते बघायचं आणि त्या आकड्याला २५ ने गुणायचं. साधी पिल्सनर सहा-आठच्या आसपास, डुब्बेल चाळीस-पन्नासच्या घरात, स्टाउट ऐंशीच्या वर. अमेरिकन पुस्तकातली कृती करत असाल तर तिथे एसआरएम असतं. ईबीसी त्याच्या जवळजवळ दुप्पट. अमेरिकन आकडा युरोपियन समजून मॉल्ट आणलं की रंगाचा बोजवारा तिथेच उडतो.

आणि बऱ्याचदा रंग बिघडलेलाच नसतो! प्रकाश किती शोषला जाणार हे द्रवाचा थर किती जाड आहे यावर ठरतं. या नियमात ज्याचं नाव आहे त्या जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव होतं बेअर, ऑगस्ट बेअर, साल १८५२. इंग्रजीत त्याला "बिअर्स लॉ" म्हणतात आणि विद्यार्थी हसतात. त्याचा पेयाशी काही संबंध नाही. वीस-तीस लिटरच्या बादलीत प्रकाशाला तीस सेंटिमीटरचा थर ओलांडावा लागतो, ग्लासात सहा-सात. पातेल्यातला चहा आणि बशीतला चहा आठवा. शिवाय यीस्ट तरंगत असतं तोवर बिअर गढूळ आणि फिकट दिसते. ते तळाशी बसायला लागलं की वरचा भाग एकदम गडद दिसतो, आणि फोन येतो, "काकू, रात्रीत काळी पडली." तेव्हा पहिला नियम, बादलीत डोकावून निर्णय घ्यायचा नाही. अर्धा ग्लास काढा, पांढऱ्या कागदासमोर धरा, मग बोलू.

ग्लासातही गडद दिसली तर मात्र कारण शोधायचं. दाण्यापासून करणाऱ्यांनी आधी हिशोब तपासावा. पिल्सनर मॉल्टचा रंग साडेतीन ईबीसी धरा आणि पार भाजलेल्या काळ्या मॉल्टचा बाराशे. साडेचार किलो पिल्सनर गुणिले साडेतीन, झाले सोळा. शंभर ग्रॅम काळं मॉल्ट गुणिले बाराशे, झाले एकशे वीस! म्हणजे एक मूठभर काळे दाणे साडेचार किलोच्या सातपटीहून जास्त रंग देतात. प्रत्यक्षात रंग इतका सरळ बेरजेने वाढत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले की ब्लाँडची बॉकबीर होते. किलोच्या वजनकाट्यावर काळं मॉल्ट मोजू नये. त्याला मसाल्यासारखा छोटा काटाच हवा.

हे काळं मॉल्ट तरी किती जुनं? डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट १८१७ मध्ये घेतलं, तेव्हापासूनचं. आणि सोनेरी पिल्सनर १८४२ ची, बोहेमियातल्या पिल्सेन गावची. त्याआधी बहुतेक ठिकाणी मॉल्ट लाकडाच्या धगीवर वाळवत, आणि बिअर तपकिरी व्हायची ती व्हायचीच. ज्या रंगाला आज आपण "बिघडलेला" म्हणतो तो शेकडो वर्षं नेहमीचा रंग होता. असो.

आता डब्यातल्या पाकाकडे येते, आणि इथे मला एक खरी हकीकत सांगायची आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे, नावं सांगत नाही.

आयंडहोवनला एक तरुण जोडपं राहतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीचं बार्बेक्यू होतं, इथे बूर्टबार्बेक्यू म्हणतात ते. मुलाने शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की बिअर माझ्याकडून, घरची ब्लाँड. वीस लिटर केली. बाटल्या भरताना बघतो तर रंग कोऱ्या चहाचा. त्याच सुमारास त्याचे वडील सांगली जिल्ह्यातून तीन महिन्यांसाठी आले होते. अण्णांची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात कंपाउंडर म्हणून गेलेली. हातभट्टी पिऊन आलेली माणसं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, डोळे गेलेली आणि जीव गेलेलीसुद्धा. त्यांनी त्या बाटल्या बघितल्या आणि मुलाला सांगितलं, "तुला प्यायची तर पी, पण दुसऱ्याच्या पोरांना हे पाजायचं नाही." मुलगा म्हणाला, तुम्हाला यातलं कळत नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. सुनेने मला फोन केला.

मी गेले. अण्णांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "ताई, हा रंग का आला ते सांगा. सांगता येत नसेल तर ओतून टाकायला सांगा." मला त्यांचं वागणं अतिशय योग्य वाटलं, आणि तसं मी मुलासमोर सांगितलं.

डब्यातला तसलाच एक पाक शिल्लक होता, एकदमच दोन घेतलेले होते, सवलतीत. वीस लिटरला तीन किलो पाक, म्हणजे शंभर मिलिलिटरला पंधरा ग्रॅम. तेवढा पाक मी कोमट पाण्यात विरघळवला. उकळला नाही, काही नाही. ग्लासात सरळ तांबूस रंग! डब्यावर छापलेली तारीख उलटून वर्ष होऊन गेलं होतं. मायारची क्रिया गार झाल्यावरही थांबत नाही म्हटलं ना, ती ही. पाकात साखर दाटीवाटीने भरलेली, अमिनो आम्लं आहेतच, पाणी कमी. अशा डब्यात ही क्रिया महिनोन् महिने कूर्मगतीने चालू राहते. कंडेन्स्ड मिल्कचा जुना डबा उघडलात तर तोही असाच बदामी निघतो. वर त्या मुलाचं पातेलं लहान, म्हणून त्याने सगळा पाक दहा लिटर पाण्यातच उकळला आणि नंतर गार पाणी घालून वीस केलं. दाट पाक उकळला की तो पातळापेक्षा जास्त लाल होतो. पाकाचा अर्धा भाग शेवटची दहा मिनिटंच घातला असता तरी फरक पडला असता. पाक विरघळण्याआधी विजेच्या पातेल्याच्या बुडाला बसतो आणि करपतो, हे तिसरं नेहमीचं कारण. यावेळी बूड स्वच्छ होतं, म्हणून ते सोडून दिलं. पाक घालताना आच बंद करायची आणि विरघळेपर्यंत ढवळायचं, शिरा लागू नये म्हणून ढवळतो तसं.

कारण सापडलं. पण अण्णांचं समाधान होईना, आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी आजवर ऐकलेल्या प्रश्नांत सगळ्यात चांगला. म्हणाले, "आमच्याकडे जी माणसं गेली, त्यांच्या दारूला तर काही रंगच नव्हता. मग रंगावरून तुम्ही चांगलं-वाईट कसं ठरवता?"

अगदी खरं आहे. विषारी दारूत माणूस मारतं ते मिथेनॉल. ते पाण्यासारखं रंगहीन असतं आणि त्याचा वासही नेहमीच्या अल्कोहोलच्या जवळचा. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं दगावली, ती मिथेनॉलने. असल्या घटनांत बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कुणीतरी पैशासाठी मिसळलेलं असतं. बार्लीच्या मॉल्टमध्ये यीस्ट घालून आंबवलं तर घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून येतं, आणि मॉल्टमध्ये पेक्टिन नावापुरतंच. पुन्हा इथे काही ऊर्ध्वपातन केलेलं नव्हतं, म्हणजे भट्टी लावून गाळलेलं नव्हतं. म्हणून मी अण्णांना म्हटलं, रंगावरून मी खात्री देतच नाही. खात्री देते ती काय काय आत गेलं त्यावरून.

मग आम्ही तिघं बसून सगळं तपासत गेलो. काय घातलं, कशात उकळलं, बादली कशाने धुतली, धुतल्यावर किती वेळा खळबळली. पातेलं स्टेनलेस स्टीलचं. घनता तीन दिवस तीच, म्हणजे आंबणं पूर्ण झालेलं. हे महत्त्वाचं, कारण अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर दाबाने बाटली फुटते, आणि घरच्या बिअरमधला खरा धोका बरेचदा हा काचेचाच असतो. पीएच ४.३ आला. इतकं आम्ल, त्यात अल्कोहोल आणि हॉप्स, यात माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा वाढत नाहीत. अण्णांनी प्रत्येक उत्तर ऐकून घेतलं, साफसफाईच्या डब्यावरचं डच लेबल सुनेकडून वाचून घेतलं आणि मग म्हणाले, "पोरांना सांगून द्या, यात काय आहे ते. लपवून नको." मुलाने बाटल्यांना "ब्लाँड" ऐवजी "ब्राउन" अशा चिठ्ठ्या लावल्या आणि खाली सगळे घटक लिहिले. बार्बेक्यूला ती संपली. अण्णा स्वतः घेत नाहीत, त्यांनी घेतली नाही. पण दारात खुर्ची टाकून बसले होते, आणि अठराच्या आतलं कोणी बाटलीला हात लावत नाही ना, यावर त्यांचं लक्ष होतं. इथे ते वय २०१४ पासून अठरा आहे, त्याआधी बिअरला सोळा होतं.

जाता जाता कायद्याचं एक. नेदरलँड्समध्ये स्वतःच्या घरापुरती बिअर करायला हरकत नाही, विकता येत नाही. दारू गाळणं मात्र परवान्याशिवाय इथेही गुन्हाच. आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्याखाली परवान्याशिवाय घरी बिअरसुद्धा करता येत नाही. तेव्हा सुट्टीत पुण्याला जाताना बॅगेत यीस्ट आणि हॉप्स घेऊन भावाला शिकवायचा बेत असेल तर तो बेत इथेच ठेवा.

आता पाणी. हा माझा आवडता भाग, आणि हॉलंडमध्ये बसून पाण्यावर बोलायचं नाही तर कुठे? जुन्या आमस्टरडॅममध्ये कालव्याचं पाणी इतकं घाण होतं की बिअरवाले फेख्त नदीचं पाणी होड्यांतून आणत. थंडीत नदी गोठली की बर्फ फोडणारी होडी घोड्यांकडून ओढून घेत. वाळूच्या टेकड्यांतलं, म्हणजे डाउनचं स्वच्छ पाणी शहरात आलं ते १८५३ साली. डेल्फ्ट हेही एकेकाळी बिअरचं गाव. सतराव्या शतकात तिथल्या ब्रुअरी बंद पडत गेल्या आणि रिकाम्या इमारतींत मातीची भांडी करणारे शिरले. ज्या निळ्या-पांढऱ्या बशा आपण भारतात भेट म्हणून नेतो त्यांचे कारखाने असे उभे राहिले. त्याच गावात लेवेनहुकने १६८० मध्ये बिअरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि यीस्टचे गोळे पाहिले.

पाण्याचा रंगाशी संबंध असा. मॉल्ट भिजवलेल्या पाण्याचा पीएच चढा राहिला तर रंग गडद होतो, आणि टरफलातला तुरट अंशही जास्त उतरतो. त्याने रंगाला तांबूस छटा येते आणि जिभेवर चहाच्या चोथ्यासारखी चव. आम्ल-अल्कलीने रंग बदलतो हे आपल्याला नवीन नाही. हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की पीएच खाली यायला तयार नसतो. पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू, म्हणून तिथे फिकट बिअर साधली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त, पण काळं मॉल्ट मुळात आम्लधर्मी, त्यामुळे तिथे स्टाउट जमली. आपल्याकडे प्रत्येक पाणी कंपनीच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की पाण्याचे आकडे मिळतात. लोक नुसता कडकपणा, म्हणजे हार्डहेड, बघतात. तुम्ही "वाटरस्टोफकार्बोनाट" ही ओळ बघा. आकडा मोठा असेल आणि फिकट बिअर हवी असेल तर थोडं लॅक्टिक आम्ल घाला किंवा निम्मं पाणी दुकानातलं डिमिनरलाइज्ड वापरा. पीएच साधारण ५.२ ते ५.५ च्या दरम्यान राहिला की झालं. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन नसतं, ती एक डोकेदुखी आपल्याला नाही.

लोखंडाचं मात्र सांभाळा. ब्राबांट किंवा आख्टरहुकमध्ये काही ओढ्यांचं पाणी गंजासारखं दिसतं, पाहिलं असेल. जमिनीखालच्या पाण्यात लोह असतं. पाणी कंपनी हवा खेळवून आणि वाळूतून गाळून ते काढून टाकते. बागेतल्या पंपाचं पाणी कुणी काढत नाही. एका गृहस्थांनी "नैसर्गिक पाणी" म्हणून तेच वापरलं आणि बिअर काळपट-करडी झाली, चवीला जीभ नाण्यावर ठेवल्यासारखी. मॉल्ट आणि हॉप्समधला तुरट अंश आणि लोह भेटले की काळा रंग होतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याचमुळे, आणि हिरडा व हिराकस घालून शाई करत तीही याच तत्त्वावर. इथे जुन्या बाजारात इनॅमलचे वेक-केटल स्वस्तात मिळतात. आत कुठे टवका उडून लोखंड उघडं पडलंय का ते बघूनच घ्या. तांब्या-पितळेची हौस असेल तर कल्हईशिवाय ताक कळकतं हे आईने सांगितलेलं विसरू नका. उकळताना तांब्याचं भांडं चालतं, मोठ्या ब्रुअऱ्यांत पूर्वी तीच असत, पण घासून लखलखीत हवं. हिरवट थर असलेल्या भांड्यात आंबट काहीही ठेवायचं नाही, आणि तयार बिअर तर नाहीच.

बाटलीत भरल्यानंतर रंग बदलला तर बहुतेक वेळा दोष हवेचा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, सफरचंद तपकिरी होतं, तसंच. हल्ली ती गढूळ, संत्र्याच्या रसासारखी दिसणारी आयपीए सगळ्यांना करायची असते. ती सर्वांत नाजूक. बाटल्या भरताना हवा मिसळली तर काही आठवड्यांत पिवळी बिअर करडी-तपकिरी होते आणि हॉप्सचा वास जाऊन पुठ्ठ्यासारखा येतो. बाधत नाही, पण मजाही उरत नाही. भरताना नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला, वरून धार धरू नका. शक्यतो गार जागी ठेवा आणि लवकर संपवा.

फळाफुलांचे रंग हा वेगळाच खेळ. मागे एका मुलीने गोकर्णाची फुलं घालून निळी बिअर करायचा घाट घातला. आम्लामुळे ती जांभळी-गुलाबी झाली. कोकम घातलंत तर सोलकढीच्या वळणाचा सुंदर रंग येतो, पण तो टिकाऊ नाही, काही महिन्यांत विटतो.

मग ओतून टाकायची कधी? वर केसाळ बुरशी दिसली, हिरवी, निळी, काळी, कसलीही, तर ओता. वरची काढून खालची ठेवू नका. हिरवं पडलेलं तांब्याचं भांडं वापरलं असेल तर ओता. साफसफाईचं रसायन आत गेल्याची शंका असेल तर विचार न करता ओता. स्टार्च तपासायला आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा झालेला नमुना परत पातेल्यात टाकायचा नाही, तो बेसिनमध्ये. पांढरा पातळ पापुद्रा आला असेल तर ते बहुधा रानटी यीस्ट, विषारी नव्हे, पण बिअर आंबटत चालली असेल. बाकी नुसती गडद, नुसती गढूळ, नुसती फिकट आली, आणि वास स्वच्छ असला, तर ती फक्त दुसऱ्या नावाची बिअर आहे. बेल्जियममध्ये गडद पाक मुद्दाम घालून डुब्बेल करतात आणि आपण ती जास्त पैसे देऊन घेतो. थंड केल्यावर धूसर झाली आणि कोमट झाल्यावर पुन्हा स्वच्छ, तर तो प्रथिनांचा खेळ. दुर्लक्ष करा.

(भाषणानंतर बरेच प्रश्न आले. जागेअभावी दोन देत आहोत. – संपादक)

प्रश्न : रंग गडद म्हणजे अल्कोहोल जास्त का?

नाही. अल्कोहोल साखर किती होती यावर, रंग भाजण्यावर. साध्या काळ्या स्टाउटमध्ये चार-साडेचार टक्के असू शकतं आणि सोनेरी ट्रिपेलमध्ये आठ-नऊ. गाडी चालवायची असेल तर रंग बघू नका, लेबल बघा. आणि खरं म्हणजे गाडी चालवायची असेल तर मसाला दूध घ्या.

प्रश्न : बिअर राहू द्या, इथे बटाट्याचा तळलेला कीस लाल का होतो? घरी तर पांढरा व्हायचा.

बटाटे फ्रीजमध्ये ठेवता ना? तेच कारण. गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि तेलात पडल्यावर पुन्हा मायार. अशा लाल झालेल्या किसात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्यही जास्त तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत असल्याचं दाखवलं. तेव्हा तळायचे बटाटे फ्रीजबाहेर, अंधाऱ्या आणि बेताच्या गार जागी ठेवा, कीस दोन पाण्यांतून धुऊन पिळून कोरडा करा, आणि सोनेरी झाला की लगेच काढा. चिवड्यासाठी करणार असाल तर आजच बटाटे बाहेर काढून ठेवा. दोन-तीन आठवडे बाहेर राहिले की साखर बरीच कमी होते, म्हणजे दिवाळीपर्यंत जमेल.